भावजींची काचेची शेगडी

आमच्या भावजींच्या हातचा एकही कोट कधी चमकला नाही. हे मी कौतुकाने सांगते आहे, नाहीतर कोणाला वाटेल दिराला नावं ठेवते. काळ्या कापडावर तापलेली इस्त्री नुसती फिरवली की तेल चोपडल्यासारखी चकाकी येते, आणि आली की जन्मात जात नाही. भावजींनी सगळं आयुष्य कोट शिवण्यात घालवलं, पण इस्त्री कापडाला थेट टेकवली नाही. मध्ये जाड सुती फडकं, तेही दोन पदरी, आणि त्याच्यावरून इस्त्री. फडकं भाजून तपकिरी झालं की दुसरं घ्यायचं. "भाजायचंच असेल तर फडक्याने भाजावं वहिनी, कोटाने का," असं म्हणायचे. रस्त्यात कोणाच्या कोटाची कोपरं चमकताना दिसले की त्यांच्या कपाळाला अशी आठी पडायची, जसा काही तो माणूस उघडी जखम घेऊन फिरतोय.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं, आणि तेव्हाही हात धुतल्याशिवाय कापडाला शिवत नव्हते. आता आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. इकडे मी, माझा मुलगा आणि सून. तिकडे भावजी एकटे. धाकटी जाऊ वारून आता बरीच वर्षं झाली. ती गेल्यावर मी म्हटलं, समोरच तर आहात, जेवायला येत जा. तर म्हणाले, "रोज आलो तर मी पाहुणा होईन वहिनी. कधीतरी आलो तर दीर राहीन."

मग स्वयंपाक शिकले. पहिले काही दिवस जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायचं की भावजींच्या घरी आज बटाटे आहेत, कारण करपल्याचा वास खालच्या मजल्यापर्यंत जायचा. पण हाताला शिस्त होती. मीठसुद्धा कापड बेतल्यासारखं दोनदा मोजून एकदाच घालायचे. वर्षाच्या आत सूप असं करायला लागले की माझी सून काहीतरी निमित्त काढून दुपारी समोर डोकावायची. मी तिला काही म्हणायचे नाही, कारण तिच्या आधी मी जाऊन आलेली असायचे.

भावजींना एकच मुलगी. बेबी. पन्नाशीला आली, चष्मा लागला, हाताखाली माणसं आहेत, पण नाव बेबीच. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. ऑफिसात काळा कोट घालते आणि सकाळच्या घाईत स्वतःच त्यावर इस्त्री फिरवते. बाप कोटवाला, आणि लेकीची कोपरं आरशासारखी. भावजींनी एकदा भीत भीत सांगून पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, ऑफिसात माझी कोपरं कोणी बघत नाही." त्यानंतर ती आली की भावजी तिच्या तोंडाकडेच बघून बोलायचे, खाली नजर जाऊ द्यायचे नाहीत.

एकदा भावजींचं दूध उतू गेलं, त्याने गॅस विझला आणि घरभर वास पसरला. माझ्या मुलाने खिडक्या उघडल्या, झालं गेलं मिटलं. पण बेबीने जी धास्ती घेतली ती काही गेली नाही. पुढच्या सुट्टीला ती गॅस उचलून घेऊन गेली आणि काचेची शेगडी ठेवून गेली. इंडक्शन. ना जाळ, ना धूर, वर काळीभोर काच आणि बाजूला बटणं.

"ही आपोआप बंद होते बाबा. भांडं जास्त तापलं की तिला कळतं."

"तिला कसं कळतं?"

"आत सेन्सर असतो."

"म्हणजे माझ्यापेक्षा शहाणी आहे."

"मी तसं म्हटलं नाही."

"मी म्हटलं," भावजी म्हणाले आणि शेगडीभोवती एक फेरी मारून आले, गिऱ्हाईकाचं माप डोळ्यांनी घ्यावं तशी.

आठ-पंधरा दिवस रुसवा चालला, मग दोघांचं जमलं. जमलं म्हणजे किती, तर भावजी तिला मऊ कापडाने पुसून आडवा उजेड पाडून बघायचे. आणि शेगडी शब्दाला जागत होती. पातेल्यातलं पाणी आटलं की टुक टुक करून थांबायची. भावजी बिनघोर बाहेरच्या खोलीत काजं करत बसायचे. म्हातारपणीही कोणी ना कोणी जुना कोट घेऊन येतंच त्यांच्याकडे.

मग एक दिवस लोखंडी तवा सरकवताना काचेवर ओरखडा उठला. मला त्यांनी मुद्दाम बोलावून दाखवला. मान वाकडी करून, डोळा बारीक करून बघितलं तरी मला दिसला नाही. "अगं बाई," म्हटलं, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. त्या दिवशी सूप झालं नाही.

त्यानंतर दोनच दिवसांत शेगडी बिघडली. बिघडली म्हणजे धड बंदही पडेना आणि धड चालेनाही. जोरात तापवायला ठेवलं की मध्येच थांबायची आणि काचेत एक लाल इंग्रजी अक्षर उजळायचं, तीन दातांच्या फणीसारखं, आणि त्याला चिकटून एक आकडा. माझं शाळेशी कधी फार जमलं नाही, म्हणून मी त्याला फणीच म्हणते. आणि मंद ठेवलं की उलटंच. थांबायला हवं तेव्हा थांबायचीच नाही. एका दुपारी भावजी बाहेर बटणं लावत बसलेले, आत सूप आटलं, पातेलं काळं झालं, आणि पहिला धूर माझ्या सुनेला दिसला. योगायोग असा, की त्याच वेळी बेबीचा फोन आला आणि सुनेने खोकत खोकत उचलला.

बेबी संध्याकाळी येऊन हजर. पातेलं हातात घेऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही विसरलात."

"मी विसरलो नाही. ती थांबली नाही."

"ती मशीन आहे, तिला विसरायला डोकं कुठे आहे?"

भावजींनी पातेलं तिच्या हातातून घेऊन पाण्यात भिजत घातलं. बेबीने आवाज चढवला नाही, तसा ती कधीच चढवत नाही. ती म्हणाली, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे, खिडकीतून झाडं दिसतात, स्वयंपाकाला बाई येते. पुढच्या लांब सुट्टीला ती खोकी घेऊन येईल. तोवर शेगडीचा दोष निघाला तर बोलूच, नाही निघाला तर आवरायचं. काळजीपोटीच म्हणत होती बिचारी. आईच्या वेळी तिला यायला उशीर झाला होता, ते तिच्या मनात घर करून बसलं आहे, हे मला ठाऊक आहे आणि भावजींनाही.

ती गेल्यावर भावजी माझ्याकडे येऊन बसले. चहा दिला तो तसाच निवला. म्हणाले, "वहिनी, खरं सांगा, मी विसरायला लागलोय का?"

मी म्हटलं, "माझ्या लग्नात कोणी मला कुठल्या रंगाची साडी दिली हे तुम्ही मागच्या आठवड्यात सांगितलंत. मलाच आठवत नव्हतं."

"ते जुनं. जुनं राहतं. नवं जातं म्हणतात."

माणसाला एकदा अशी शंका आली की तो चष्मा कुठे ठेवला हेसुद्धा दहा वेळा तपासतो. पुढच्या दिवसांत भावजी तेच करायला लागले. कुलूप लावून परत येऊन ओढून बघायचे. मला ते बघवत नव्हतं.

आमच्या खालच्या रस्त्यावर रेडिओवाला आहे. रेडिओ कोणाकडे राहिले नाहीत, पण नाव राहिलंय. पंखे, मिक्सर, शेगड्या, सगळं बघतो. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की त्याला बाहेर यावं लागतं. भावजींनी शेगडी चादरीत गुंडाळून नेली आणि आधाराला म्हणून मी बरोबर गेले. कोण कोणाच्या आधाराला ते विचारू नका.

रेडिओवाल्याने फणी आणि आकडा ऐकूनच सांगितलं, "सेन्सर." स्क्रू काढून काच उचलली. आत तांब्याची तार गोल गोल गुंडाळलेली, आणि बरोबर मधोमध मसुराच्या दाण्याएवढा मणी, दोन बारीक तारांचा. काच बसवली की तो मणी खालून काचेला टेकतो, आणि वरचं भांडं किती तापलंय ते काचेतून ओळखतो. त्याने मण्याच्या तारांना मीटरच्या दोन सुया लावल्या आणि मणी चिमटीत धरला. मीटरवरचा आकडा हळूहळू उतरायला लागला.

"ऊब लागली तर आकडा चढायला हवा ना?" मी विचारलं.

"हा मणी असाच असतो आजी. ऊब लागली की सैल पडतो."

"मग आमच्या घरातलाच आहे," मी म्हटलं. भावजींना हसू आलं नाही.

मणी ठीक होता. पण त्याच्या डोक्यावरचा पांढरा लेप वाळून भुगा झाला होता. रेडिओवाला म्हणाला, लेप वाळला की मणी आणि काच यांच्यात हवा राहते, मग ऊब पोचत नाही. त्याने ताजा लेप लावला, काच बसवली, दुकानातच पाणी उकळून दाखवलं, नुसतं रिकामं पातेलं ठेवून दाखवलं. शेगडी लगेच टुक टुक करून थांबली. भावजींनी शेगडीला हलकेच थोपटलं. दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा फणी.

रेडिओवाल्याने मग मणीच बदलला. दुकानात झकास. घरी फणी.

"मास्टर, माझ्याकडे तर ती गुणी पोरीसारखी वागते," तो म्हणाला. "घरी तुम्ही तिला काय करता?"

"मी काय करणार? पुसतो, भांडं ठेवतो, बटण दाबतो."

"वीज कमी-जास्त होत असेल. मी घरी येऊन बघतो." आणि तो यायचा म्हणाला तो नेमका लांब सुट्टीचा दिवस. बाकी दिवशी त्याला दुकान सोडता येत नव्हतं.

त्या दिवशी सकाळीच बेबी आली. घडी घातलेली खोकी काखेत, अंगात तो काळा कोट, कारण सुट्टी असूनही ती ऑफिसात तोंड दाखवून तशीच आली होती. भावजींनी घर झाडून-पुसून लख्ख केलेलं. ओट्यावरची एकूण एक वस्तू जागच्या जागी. पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांना पसारा खपत नाही, मग ती पोटची लेक का असेना.

रेडिओवाला आला. त्याने भिंतीतली वीज मोजली. बरोबर होती. शेगडीवर स्वतः पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, बटण दाबलं. आम्ही चौघं ओट्याभोवती असे उभे, जसं काही आत कोणाचं ऑपरेशन चाललंय. पाणी उकळलं. फणी नाही. मंद ठेवलं, पाणी आटेपर्यंत थांबलो. पातेलं कोरडं झालं आणि शेगडी टुक टुक करून बंद.

बेबीने चष्मा काढून पुसला. तिला जिंकल्याचा आनंद झाला नव्हता, उलट तिचा चेहरा उतरला होता. शेगडीत दोष निघावा असंच तिलाही वाटत असणार.

"दादा, म्हणजे शेगडी नीट आहे," ती रेडिओवाल्याला म्हणाली.

"नीटच आहे ताई. नवा मणी, नवा लेप. मला तर काही सापडत नाही."

"मग एरवी घरी फणी का येते?" मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच मोठा झाला. खरं सांगायचं तर मला बेबीच्या खोलीतली ती झाडं डोळ्यांसमोर दिसत होती आणि समोरचं दार कुलूप लावलेलं दिसत होतं.

रेडिओवाल्याने हात पुसले आणि समजावून सांगायला लागला. "आजी, फणी येते कधी, तर जोर पूर्ण लावलाय आणि मण्याला ऊबच लागत नाही, तेव्हा. मग शेगडीला वाटतं आपला मणीच मेला. म्हणजे मध्ये काहीतरी येतंय. आता बघा, पोराला ताप आहे का बघायला कपाळाला हात लावता ना? तोच हात पांघरुणावरून लावला तर? पोरगं तापाने फणफणलेलं आणि तुम्ही म्हणणार, काही नाही, ठीक आहे."

हे ऐकताना मी भावजींकडे बघत होते. त्यांचा चेहरा एकदम थांबला. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईकाच्या कोटाची एक बाही आखूड निघाली होती, तेव्हा असा झाला होता. त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

त्यांना कळलं होतं. आणि कळलंय हे फक्त त्यांना आणि मला माहीत होतं, मला तर काय कळलंय तेही माहीत नव्हतं. ते गप्प बसले असते तर चाललं असतं का? तसंही नाही. गप्प राहिले असते तर खोकी उघडली गेली असती. पण बोलले तरी चूक त्यांचीच ठरणार होती, आणि चूक करणारा बाप न्यायलाच तर लेक आली होती.

"मास्टर, काय झालं?" रेडिओवाल्याने विचारलं.

भावजींनी खिशातून एक पांढरं फडकं काढलं. जाड सुती, दोन पदरी, चौकोनी. मधोमध पातेल्याएवढा गोल तपकिरी डाग. मला एकदम आठवलं, गेले दोन महिने त्यांच्या गॅलरीतल्या दोरीवर असे रुमाल वाळत असायचे, आणि मला वाटायचं भावजी हल्ली चहा सांडायला लागलेत.

त्यांनी ते फडकं काचेवर पसरलं. कडा सरळ केल्या. त्यावर पातेलं ठेवलं, पाणी घातलं, बटण दाबलं. आम्ही वाट बघितली. पाणी उकळायच्या बेतात होतं, तेवढ्यात शेगडी थांबली आणि लाल फणी उजळली.

"रोज घालतो," भावजी म्हणाले. "ओरखडा उठला त्या दिवसापासून. कोणी येणार असलं की काढून ठेवतो, डागाळलेलं बरं दिसत नाही. दुकानात नेताना तर प्रश्नच नव्हता." मग बेबीकडे वळून म्हणाले, "दोष शेगडीचा नाही. माझाच आहे."

बेबीने पातेलं उचललं, फडकं ओढून घेतलं. उलटसुलट केलं. मग कडेवरून बोट फिरवलं.

"याला चारी बाजूंनी तुरपाई घातली आहे?"

"धागे सुटतात नाहीतर."

"सगळ्यांना?"

भावजींनी खणातून गठ्ठा काढला. सगळ्यांना तुरपाई. बेबी आधी हसायला लागली, आणि मग ते हसणं कुठेतरी घसरलं आणि ती ओट्याला टेकून डोळे पुसायला लागली. "आणि मी रात्र-रात्र विचार करत होते, की बाबा विसरायला लागले."

"विसरत असतो तर रोज आठवणीने फडकं घातलं असतं का?" भावजी म्हणाले.

रेडिओवाला खो-खो हसला. माझा जीव भांड्यात पडला, आणि तेही नेमकं त्या काळ्या पातेल्यात. बेबीने फडकं पुन्हा उलटून बघितलं. इतका वेळ ती बापाचं डोकं शोधत होती आणि ते तिच्या हातात होतं, चारी कडा दुमडलेलं.

"पण बाबा, हे पेटलं असतं," ती शेवटी म्हणाली.

"ते खरं," रेडिओवाल्याने लगेच मान हलवली. "मास्टर, आता मध्ये कागद नाही, कापड नाही, काही नाही. उघडी काच. ओरखडे उठले तर उठू देत. ओरखड्यांनी शेगडी मरत नाही."

"दिसायला वाईट दिसते," भावजी म्हणाले.

"बाबा."

"बरं, नाही घालत."

बेबीने तरीही अटी घातल्याच. शेगडी चालू असताना गजर लावायचा. बाहेर बसायचं तर दार उघडं ठेवायचं. आणि मला म्हणाली, "काकू, तुम्ही जरा लक्ष ठेवा." मी म्हटलं, मी लक्ष ठेवतेच, मला दुसरा उद्योग काय आहे. दुपारी सूप असेल तर जास्त बारकाईने ठेवते.

खोकी तशीच घडी घातलेली परत गेली. म्हणजे एक राहिलं, ते रेडिओवाला घेऊन गेला. जुना मणी मात्र त्याने भावजींना दिला, आठवण म्हणून. तो बिचारा मणी तर धडधाकटच होता, उगीच बदलला, असं म्हणून त्याने स्वतःचे कान धरले. भावजींनी मणी बटणांच्या डबीत ठेवला आहे.

काचेवर आता बरेच ओरखडे आहेत. आता ते मलाही दिसतात. भावजी पुसताना डोळे दुसरीकडे वळवतात, पण फडकं घालत नाहीत. कुलूप ओढून बघणंही हळूहळू थांबलं.

फडक्यांचा गठ्ठा त्या दिवशी बेबी पिशवीत घालून घेऊन गेली होती. मला वाटलं, बापाच्या हाती पुन्हा लागू नयेत म्हणून नेली असतील. पुढच्या सुट्टीला ती आली तेव्हा भावजी सूप ढवळत होते. ती आत येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. अंगात काळा कोट. भावजींची नजर सवयीने तिच्या तोंडावर होती, मग कशी कोण जाणे, खाली घसरली आणि कोपरावर थांबली. नवा कोट होता तो, पण इस्त्री घरचीच होती. कोपर काळं होतं. नुसतं काळं, जराही चमक नाही.

"वर फडकं घालून केली," बेबी म्हणाली. "वेळ लागतो पण."

"लागतोच," भावजी म्हणाले, आणि तिच्या वाटीत मला वाढलं होतं त्यापेक्षा चांगलं दीड पळी जास्त सूप वाढलं. मी सगळं बघितलं.